कारेझाची बायको

मला किळस फार लवकर येते, हे आमच्या सेंजदानात सगळ्यांना ठाऊक आहे. माझी जाऊ गुलदस्ते तर तोंडावर म्हणायची, "गोहर नाकानं कांदे सोलते." सोलते तर सोलते. ज्या गावात पुरुष ताक पिऊन मिशा बाहीला पुसतात, त्याच बाहीनं पोराचं नाक पुसतात आणि त्याच बाहीत गुंडाळून पाहुण्यापुढे रोटी ठेवतात, तिथं एखादीला नाक असलं तर काय बिघडलं? पण खरं सांगते, हाजी सैफुल्लाची मला जी शिसारी बसली, तशी मेलेल्या मेंढीची कातडी सोलतानाही कधी बसली नव्हती.

सेंजदान जगतं ते एका कारेझावर. डोंगराच्या पोटातलं पाणी भुयारातून अंधारातच चालत येतं आणि गावाच्या वरच्या अंगाला, दगडी कमानीखालून बाहेर पडतं. कोणी खोदला, कधी खोदला, ते कोणाच्या आजोबांनाही माहीत नाही. शेजारच्या गावाचा कारेझ बाई आहे, शांत आणि मऊ पाण्याचा. आमचा पुरुष. आणि पुरुष म्हटला की त्याला बायको लागते, नाहीतर तो रुसतो, आटतो. म्हणून गावातल्या एखाद्या विधवेचा त्याच्याशी निकाह लावून देतात. तिनं ठरल्या दिवशी कमानीतून आत जाऊन त्याच्या पाण्यात अंघोळ करायची. ती पाण्यात आहे तोवर एकही पुरुष तिकडे फिरकणार नाही, कोणी एक घागर भरणार नाही. त्या बदल्यात सुगीला प्रत्येक शेतकरी तिला गहू देतो. मात्र तिनं दुसरा नवरा करायचा नाही.

आधीची बायको नने खाविर होती; नने म्हणजे आजी. कमरेत वाकलेली, तोंडाची फटकळ. कारेझाला शिव्या घालायची ती खऱ्या नवऱ्याला घालाव्यात तशा. "कालपासून फुरंगटून बसलाय मेला," म्हणत काठी टेकत यायची. ती थंडीत गेली. त्याच वसंतात हाजीनं वरच्या माळावर बोअर मारली आणि डिझेलचा पंप बसवला. हाजी गावचा मुखिया, त्याचा जर्दाळूचा नवा मळा तिथं उभा राहायचा होता. पंप सुरू झाला आणि उन्हाळ्यात कारेझाचं पाणी उतरलं. मशिदीच्या ओट्यावर बसून पुरुष मान हलवू लागले, "विधुर झालाय बिचारा. खाविरसाठी झुरतोय."

मीही विधवाच. माझा नवरा अक्रोड झोडपताना झाडावरून पडून गेला होता. पण मला कारेझाशी काही देणंघेणं नव्हतं. माझं ठरलं होतं. महल्लात गावचा बरातअली दर वसंतात आमच्याकडे नमदे, लोकरीची जाड अंथरणं, करायला यायचा. लोकर पिंजायची, पाणी शिंपडायचं, साबण लावायचा, गुंडाळी करून छातीनं दाबत दिवसभर लोळवायची, तेव्हा कुठं एक नमदा होतो. ओल्या लोकरीचा वास त्याच्या अंगाला चिकटलेला असायचा. मी, जिला गुलदस्तेच्या चुलीवरचं सार जात नाही, त्या वासाशेजारी तासन् तास बसू शकायची. याचा अर्थ काय होतो ते मला कळलं, त्यालाही कळलं. सासू जाऊन वर्ष झालं नव्हतं. "पुढच्या वसंतात ये," मी म्हणाले होते.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी हाजी माझ्या दारात आला. हातात खजुराचा पुडा, अंगावर गुलाबपाणी ओतलेलं. त्याखालून कांद्याचा आणि घामाचा वास येतच होता.

"गोहर, एकटी बाई तू," तो म्हणाला. "लोक बोलतात. शरियतीत सोय आहे. मुदतीचा निकाह. चार लोकांत सांगायचीही गरज नाही. तुझी चूल पेटती राहील."

"हाजी, तुमच्या दाढीत कांद्याची पात अडकलीय," मी म्हटलं. "आधी ती काढा."

त्यानं दाढी चाचपली. पात सापडली. माझ्याकडे पाहत ती तोंडात टाकली आणि चावली.

मी दार लावून घेतलं. तो जिन्याच्या पायऱ्या उतरत असल्याचा आवाज आतून ऐकला. सावकाश उतरत होता. अपमान झालेल्या माणसासारखा मुळीच नाही, काहीतरी सुचलेल्या माणसासारखा.

त्याला काय सुचलं होतं ते शरदात कळलं. मशिदीत बैठक झाली. बायकांना आत जाता येत नाही, म्हणून मी भिंतीबाहेर उभी राहून ऐकलं.

"गोहरच बरी," हाजी म्हणत होता. "तरणीताठी आहे. खाविर म्हातारी झाली होती, तिनं कारेझाचं मन भरत नव्हतं."

हशा झाला. त्या हशात माझा दीर मन्सूरही होता. त्याचं हसणं मी ओळखते, नाकातून शीळ घालतो तो. भावाच्या विधवेला पाण्याच्या गळ्यात बांधत होते आणि हा शीळ घालत होता.

मुल्ला यहया म्हणाला, "हे शरियतीत नाही. पण मनाईही नाही." मग चहा आला आणि विषय संपला. त्या माणसाचं सगळं धर्मशास्त्र चहाच्या पेल्याच्या आधी सुरू होतं आणि पेल्याबरोबर संपतं.

मी नाही म्हटलं असतं तर? गुलदस्तेनं मला रात्रीची रोटी देताना सांगितलं, "अगं, तुझ्या एका नाहीपायी गाव उपाशी मरायचं का? तुझ्या वाफ्याला पाणी कोण सोडेल मग?" माझं घर, माझा वाफा, माझी दोन अक्रोडाची झाडं, सगळं त्या पाण्यावर. आणि पाणी गावाच्या हातात.

लग्न झालं. मला गाढवावर बसवून, ढोल वाजवत कमानीपाशी नेलं. बायका किंचाळून हसत होत्या. मुल्लानं मला विचारून घेतलं, पण नवऱ्याच्या बाजूनं बोलायला वकील पाहिजे होता. पाणी कसं बोलणार? हाजी पुढे आला. गावाचा मुखिया तोच, म्हणजे कारेझाचा वकीलही तोच.

"कबूल," तो म्हणाला. ओठ ओले करून, माझ्या डोळ्यांत पाहून, सावकाश. त्या एका शब्दात त्यानं माझ्या दारातली ती सगळी दुपार चघळून घेतली. मला पुन्हा ती कांद्याची पात दिसली.

पुरुष माघारी फिरले, बायका बाहेर थांबल्या आणि मी कमानीतून एकटी आत गेले. वाकून जावं लागतं. पाणी मांडीपर्यंत होतं. अंधारात मी कपडे काढून एका दगडावर ठेवले आणि नाक धरून बसले, कारण ज्या भुयारात म्हाताऱ्या बायका वर्षानुवर्षं अंघोळ करत आल्या तिथं घाण असणार, शेवाळ असणार, मेलेले बेडूक असणार अशी माझी खात्री होती. शेवटी श्वास कोंडला तेव्हा नाक सोडलं.

कसलाच वास नव्हता.

मी पुन्हा हुंगलं. ओंजळ नाकाशी नेली. मातीचा नाही, कुबट नाही, काही नाही. सेंजदानात ज्याला वास नाही असं काही मला पहिल्यांदाच भेटत होतं. छोटे मासे येऊन पायाला टोचू लागले. मी बराच वेळ तशीच बसून राहिले. बाहेर बायका हाका मारायला लागल्या तेव्हा उठले.

त्या थंडीत डोंगरावर बर्फ पडला, हौदावर पापुद्रा धरला, पण भुयारातलं पाणी कोमट होतं. जमिनीखालचं पाणी थंडीत तसंच असतं, आमच्याकडे लहान मुलालाही माहीत आहे. पण अंगावर घेतलं की वेगळं वाटतं. मी आत शिरले की वाफ वर यायची. मला नवरा नको होता, पण हिवाळ्यात ऊब देणारा, काही न मागणारा, न बोलणारा, न ढेकर देणारा नवरा कोणाला मिळतो? आणि तो वाढतही होता. मांडीचा कमरेला आला. माळावर थंडीत पाणी लागत नाही, पंप गोणपाटाखाली झाकलेला होता. पण तेव्हा तो विचार कोणाच्या डोक्यात आला नाही. माझ्याही नाही.

गाव खूश झालं. तंदूरपाशी बायकांना दुसरा विषय नव्हता.

"काय गं गोहर, नवरा फार खुशीत दिसतो!"

"अगं, कमरेपर्यंत आलाय म्हणे. पुढे कुठवर जायचा विचार आहे त्याचा?"

"पोर झालं तर पोहताच येईल त्याला," गुलदस्ते म्हणाली आणि कणकेच्या हातानंच डोळे पुसू लागली.

मला हे विनोद नको होते. हसताना त्यांच्या तोंडातून रोटीचे तुकडे उडायचे आणि ते मला खाव्या लागणाऱ्या रोटीवर पडायचे. पण खरं म्हणजे तेवढंच नव्हतं. तो नवरा खोटा होता हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी मी खरी बायको असल्यासारखं मला बांधून ठेवायला कोणाला लाज वाटत नव्हती. खोटं ते खोटं, पण फास खरा.

वसंत आला. बरातअली आला. गाढवाच्या पाठीवर पिंजण्याची धनुकली, डोक्यावर नमद्याची टोपी, तोच वास. मी त्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग माझं तोंड बघून थांबला.

"म्हणजे तू लग्न केलंस?"

"माझं लावलं."

"कोणाशी?"

"त्याच्याशी," मी पाटाकडे बोट दाखवलं.

त्यानं पाटातून वाहणाऱ्या पाण्याकडे नीट पाहिलं, एखाद्या सोयरिकीच्या मुलाकडे पाहावं तसं. मग मुल्ला यहयाकडे गेला. मी दाराआड उभी होते.

"निकाहावर निकाह?" मुल्लानं दोन्ही कानांना हात लावले. "तोबा! बाई नवरेवाली आहे."

"मुल्लासाहेब, तुम्हीच म्हणालात म्हणे, हे शरियतीत नाही."

"मनाईही नाही असंही म्हणालो."

"मग आता तिच्या नवऱ्यालाच विचारतो," बरात म्हणाला. तो खरंच उठला, कमानीपाशी गेला, टोपी काढून पाण्याला सलाम केला, थोडा वेळ उकिडवा बसला आणि परत आला. "काही बोलला नाही तो. नवरी गप्प राहिली तर कबूल धरतात ना?"

"नवरीचं. नवऱ्याचं नाही," मुल्ला म्हणाला आणि साखरेचा खडा दातात धरला.

दुसऱ्याच दिवशी हाजीनं बरातला गावातून काढलं. कारेझाच्या बायकोभोवती परका पुरुष घोटाळला तर पाणी विटाळेल, म्हणे. बरात भांडला नाही. खाली रस्त्यावर एक पडकी सराई आहे, तिथं त्यानं मांडव घातला आणि ट्रकवाल्यांसाठी नमदे करायला बसला. गाढव राखणाऱ्या म्हाताऱ्याबरोबर निरोप पाठवला, "मी इथंच आहे. सांग तुझ्या नवऱ्याला, मला घाई नाही."

जर्दाळूला पाणी द्यायचे दिवस आले. माळावरचा पंप सुरू झाला. त्याचा टुकटुक आवाज सगळ्या गावावर पसरला आणि त्यामागून डिझेलचा वास. आठवडाभरात माझा नवरा कमरेवरून मांडीवर आला, मांडीवरून गुडघ्यावर.

आणि मग ती माणसं बदलली. थंडीत जे मला मनुका पाठवत होते ते आता मला पाहिलं की थुंकत. हाजीची बायको दोघीतिघींना घेऊन माझ्या घरी आली. अंगणात न बसता थेट आत आली, माझी गादी उलटून पाहिली, माझ्या केसांचा वास घेतला. होय, वास घेतला.

"पाक होऊन उतरतेस ना?"

"हो."

"विटाळात तर उतरली नाहीस?"

"नाही."

"मनात कोणाला आणतेस पाण्यात बसून?"

त्या बाईच्या बोटांना दुंब्या मेंढ्याच्या चरबीचा वास येत होता आणि ती बोटं माझ्या केसांत होती. आत पाण्यात बसून मी कोणाचा विचार करते हे विचारायला तिला तिच्या नवऱ्यानं पाठवलं होतं. तोच नवरा, जो माझ्या दारात खजुराचा पुडा घेऊन उभा होता. ती गेल्यावर मी केस राखेनं धुतले आणि अंगणात ओकले.

पंपाचा पट्टा तुटला तेव्हा मला कळलं. हाजीचा माणूस नवा पट्टा आणायला अराकच्या बाजाराला गेला. टुकटुक थांबली. दुसऱ्या अंघोळीला मी आत उतरले तर पाणी गुडघ्याच्या वर. त्याच्या पुढच्याला मांडीवर. मी अंधारात उभी होते आणि ते माझ्या अंगावर चढत होतं. मग नवा पट्टा आला, पंप सुरू झाला, आणि ते माझ्या अंगावरून उतरत गेलं. मला कोणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

मी मशिदीच्या ओट्यासमोर जाऊन उभी राहिले, बाई असून. सांगितलं.

हाजी हसला. "गोहर, पंप खोलातलं पाणी काढतो. ते वेगळं. कारेझाचं वरचं पाणी वेगळं. दोघांची ओळखसुद्धा नाही."

मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मन्सूर जमिनीकडे पाहत होता. मुल्ला पेल्याकडे. जन्मभर जमीन कसलेली माणसं ती, पाणी कुठून कुठं जातं हे त्यांना कळत नव्हतं? कळत होतं. सगळ्यांना कळत होतं. पण मुखियाला बोलायचं म्हणजे त्रास, आणि माझ्यावर थुंकणं सोपं. हाजीची किळस मला आधीपासून होती. त्या दिवशी त्या सगळ्या खाली घातलेल्या मानांची किळस आली, आणि ती जास्त खोलवरची होती.

त्या रागात एकदा माझ्या मनात आलं की आटू दे. तो मेला की मी विधवा. विधवेला दुसरा निकाह करता येतो. हे मनात आलं तेव्हा मी पाण्यातच बसले होते, घोट्याएवढ्या पाण्यात, आणि मासे अजून पायाला येऊन टोचत होते. माझी मलाच शिसारी आली. मी पाण्याला म्हटलं, "तुला नाही बोलले."

भर उन्हाळ्यात, एका सकाळी, पाट कोरडा होता.

सगळं गाव कमानीपाशी जमलं. आत चिखल होता आणि चिखलात चकाकणारे मासे तोंड उघडत होते. बायका रडत होत्या. हाजी पुढे आला. त्याच्या मागे पंप चालू होता, टुकटुक, टुकटुक, आणि जमलेल्यांतला एकही जण तिकडे मान वळवत नव्हता.

"गोहर, उतर," हाजी म्हणाला.

"कुठं?"

"आत. चिखलात का असेना. त्याची मनधरणी कर. तुझ्यावरच रागावलाय तो."

मी त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या लोकांसमोर, मरत्या माशांच्या चिखलात मला लोळवायला निघाला होता तो, आणि त्याचे ओठ पुन्हा ओले झाले होते.

"हाजी," मी म्हटलं, "माझा नवरा घरात नाही. कुठं गेलाय ते बघून येते."

आणि मी माळाची वाट धरली. आधी लोकांना वाटलं, वेड लागलं. मग एकेक करत सगळे मागून आले. हाजी धापा टाकत, "थांब, थांब," ओरडत.

पंपाचा सिमेंटचा हौद काठोकाठ भरला होता. जाड नळातून पाणी धबाधबा कोसळत होतं आणि पाटांतून जर्दाळूकडे धावत होतं. मी कठड्यावर चढले आणि आत उतरले. ओढणी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरून काठावर टाकली.

"कारेझाची बायको अंघोळीला बसलीय," मी ओरडले. "पुरुषांनी पाठ करावी!"

बापजाद्यांपासूनचं ऐकलेलं वाक्य. विचार करायच्या आधी त्यांचे पाय वळले. सगळे पुरुष एका दमात पाठमोरे झाले. मुल्ला यहयानं तर डोळेही गच्च मिटले. हाजीही वळला. त्याला वळावंच लागलं. मळ्यातले गडी फावडी टाकून पळाले.

ओढणीपलीकडे मी एक चिंधी काढली नव्हती. गळ्यापर्यंत बटणं लावून, पाण्यात उभी होते. बायकांना दिसत होतं. गुलदस्तेनं पदर तोंडात कोंबला. पण एकीनंही सांगितलं नाही. त्या एका गोष्टीसाठी मी गुलदस्तेचे ते सगळे विनोद माफ केले.

"बाहेर ये!" हाजी समोरच्या डोंगराला म्हणाला. "ते माझं पाणी आहे!"

"तुमचं? मला तर ओळखीचं वाटतंय. वर्षभर अंगावर घेतलंय मी."

"गोहर, तमाशा पुरे!"

"तुम्ही त्याचे वकील. तुम्ही कबूल म्हणालात, सगळ्यांनी ऐकलं. आता तुम्हीच सांगा. हा माझा नवरा असेल तर तुम्ही तो पळवून घरात डांबलाय. पंप बंद करा आणि त्याला घरी सोडा. नाहीतर सांगा की माझा कोणी नवरा नव्हताच. दोन्हीपैकी एक. तोवर मी इथून हलत नाही आणि हे पाणी कोणी शिवायचं नाही."

फक्त पंप टुकटुकत होता. मी त्या पाठींकडे पाहत होते. बापाच्या, भावाच्या, दिराच्या वयाच्या पाठी. एकानं म्हणायचं होतं, "हाजी, पंप बंद कर." एकानं. मन्सूरचे खांदे हलले, तेव्हा मला खरंच वाटलं, म्हणतोय तो. मी श्वास धरला. त्यानं मान खाजवली.

श्वास सोडून पुन्हा घेतला तेव्हा वास आला. डिझेलचा. पाण्यावर निळसर तवंग तरंगत होता आणि माझ्या बाह्यांना चिकटत होता. माझ्या नवऱ्याला वास येत होता. ज्याला कधी कसला वास नव्हता त्याला यांनी घाण करून, सिमेंटच्या हौदात आणून टाकला होता. मला इतका राग आला की डोळ्यांपुढे काही दिसेना.

"बोला, हाजी!"

"नाटक होतं ते!" हाजी ओरडला. "सगळं नाटक! पाण्याला कुठं बायको असते, मूर्ख बाई! निकाह नाही, काही नाही! कोणाशीही लग्न कर, कुठंही जा, पण माझ्या हौदातून बाहेर ये!"

"मुल्लासाहेब, ऐकलंत?"

"मी पहिल्यापासून म्हणत होतो, शरियतीत नाही," मुल्ला डोळे मिटूनच म्हणाला.

मी ओढणी डोक्यावर घेतली आणि बाहेर आले. "वळा आता," मी म्हटलं.

ते वळले. मी ओली चिंब, पूर्ण कपड्यांत उभी असलेली त्यांना दिसले. हाजीचं तोंड काळंनिळं झालं. आता तरी, मला वाटलं. आता तरी कोणीतरी त्याला विचारेल, की नाटक होतं तर आमचं पाणी कुठं गेलं?

मन्सूर पुढे झाला. त्यानं हात बांधले, मान लववली आणि म्हणाला, "हाजी, मग आता पंपाचं पाणी आम्हाला कसं मिळेल? तुम्ही म्हणाल तसं करू."

त्याच्या मागून दुसरा आला. मग तिसरा. रांगच लागली. हाजीनं घाम पुसला आणि हळूहळू त्याचे ओठ पुन्हा ओले व्हायला लागले. मी तिथं थांबले असते तर कोणाच्या तरी अंगावर ओकले असते.

खाली येताना कमानीपाशी बरातअली उभा होता. पाणी गेल्याची खबर सराईपर्यंत पोचली होती. माझ्या कपड्यांना डिझेलचा वास मारत होता. तो नाक न मुरडता जवळ आला.

"सुटलीस म्हणे. वाटेत पोरं ओरडत पळत होती." त्याला हसू आवरत नव्हतं. "गाढव बांधून आलोय. आजच महल्लातला जाऊ. तिथला मुल्ला चहा पीत नाही."

मी कमानीत वाकून पाहिलं. मासे हलायचे थांबले होते. ओलसर काळोख होता आणि कोपऱ्यात तो दगड, ज्यावर मी कपडे ठेवायची.

"आज नाही," मी म्हटलं. "इद्दतीचे चार महिने दहा दिवस पुरे होऊ दे. मग ये."

"इद्दत? कोणासाठी?"

"माझा नवरा वारलाय."

बरात माझ्याकडे बघत राहिला. मी थट्टा करत नाही हे त्याला दिसलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि कमानीसमोरच्या चिखलात माझ्या शेजारी बसला.

मग हळूच म्हणाला, "चांगला होता का गं?"

"इथं होता तोवर," मी म्हटलं, "त्याला कसलाच वास नव्हता."

आणि मला रडू फुटलं.